रेघेचा जॉइंट

ह्या प्रकरणातून ताबीशला मिळणार होतं ते एवढंच: एक खुर्ची. ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून जरा मांडून बघायला हवं.

खुर्चीला हात होते, चाकं होती, आणि माणूस मागं रेलला की तीही मागं रेलायची. ती होती संगप्पाअण्णांच्या केबिनमध्ये. अण्णा म्हणजे सोलापूरच्या भवानी पेठेतल्या 'कस्तुरा टेक्सटाईल'चे मालक, आणि त्यांची केबिन म्हणजे अख्ख्या कारखान्यात एसी असलेली एकच खोली. तेव्हा खुर्चीबरोबर गारवा आला. त्या खुर्चीत बसणाऱ्याला मॅनेजर म्हणायचा रिवाज होता, म्हणजे हुद्दा आला. हुद्द्यामागून व्हिजिटिंग कार्ड आलं. आणि कार्ड आलं की ताबीशची आई हुसेनबी शेजारणींशी बोलताना 'पोरगा चादरीच्या कारखान्यात असतो' ह्याच्या पुढचंही एखादं वाक्य बोलू शकणार होती. मागचा मॅनेजर चार महिन्यांत पुण्याला पळाला. तेव्हापासून त्या खुर्चीत अण्णांचा जेवणाचा डबा बसत असे.

ताबीश बसायचा सेकंडच्या गठ्ठ्यावर. विणताना खोट निघालेल्या चादरी बाजूला पडत, त्यांचा गठ्ठा वाढत जाई आणि दर शनिवारी किलोवर विकला जाई. त्यामुळं सोमवारी ताबीशची हनुवटी कीबोर्डला लागायची आणि शुक्रवारी त्याचे गुडघे टेबलाला. आठ वर्षं हे वरखाली चाललं होतं. ज्याच्या बसण्याचाच आलेख काढता येईल असा माणूस पेठेत दुसरा नसावा.

मे महिन्यात पुण्याहून फोन आला. एका हॉटेल कंपनीला आठ हजार चादरी हव्या होत्या. खरेदीचं काम बघणाऱ्या प्रियदर्शनीबाई स्वतः येणार होत्या. माल तर त्या बघणारच होत्या, पण त्याआधी त्यांना कारखान्याच्या दहा वर्षांच्या विक्रीचा ट्रेंड स्लाईडवर हवा होता. दमदार पार्टी आहे की नाही, ते त्यावरून कळतं म्हणे.

अण्णांनी ताबीशला बोलावून घेतलं. बाईंना ट्रेंड दाखवायचा हाय, म्हणाले, असा दाखव की बाई गार पडल्या पायजेत. मग खुर्चीकडं बोट करून त्यांनी पुढचं सांगितलं.

"ऑर्डर आली की डबा खाली, तू वर."

ताबीशनं त्याच दिवशी आईला सांगून टाकलं. ही त्याची चूक होती, पण ती नंतर. हुसेनबीनं लगेच एका पट्ट्यापट्ट्याच्या टॉवेलची चौकोनी गादी शिवायला घेतली. आत कापूस, चार कोपऱ्यांना चार बंद, खुर्चीला बांधायला.

काम म्हणून बघितलं तर ताबीशनं ते चोख केलं. पंधरा सालापासून पंचवीस सालापर्यंतची डिस्पॅचची रजिस्टरं काढली, साल आणि नग एक्सेलमध्ये भरले आणि लाईन चार्ट घातला. एकच रेघ, सोलापुरी चादरीच्या निळ्या रंगाची, जरा जाड. मागच्या राखाडी रेघा काढून टाकल्या. डावीकडचे आकडे शून्यापासून सुरू केले, लबाडी नको म्हणून. रेघ पंधरा साली बारा हजारांवर उभी होती, चार वर्षं चढली, वीस साली लॉकडाऊनच्या खड्ड्यात पडली, तिथून हळूहळू वर आली आणि पंचवीस साली चौतीस हजारांवर जाऊन टेकली. आजवर एवढी विक्री कधीच झाली नव्हती. वर मथळा दिला: 'दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट.'

आकडे खरे होते आणि रेघ वर जात होती. कुठल्याही दुसऱ्या गावात हे प्रकरण इथंच मिटलं असतं.

पण 'कस्तुरा'मध्ये एक रिवाज होता. इथं काढलेलं कुठलंही चित्र अव्वानं जॉइंट बघितल्याशिवाय बाहेर जात नसे. अव्वा म्हणजे अण्णांची आई, कस्तुराबाई, वय ब्याऐंशी. तिच्याच नावाचा कारखाना. फार वर्षांमागं अण्णांच्या वडिलांनी एक किनार विणली, तिचा जॉइंटच चुकला. चादरीच्या किनारीत एकच नक्षी पुन्हापुन्हा येते. जिथं पहिली संपते आणि दुसरी सुरू होते, तिथं फुलाचा अर्धा भाग गायब. हैद्राबादहून अख्खा ट्रक परत आला. त्या चादरी अजून संपलेल्या नाहीत. ह्या घरी मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्याच्या अंगावर आजही अर्धंच फूल येतं. तेव्हापासून अव्वा प्रत्येक कागद हातात घेते, त्याची नळी करते, डावी कड उजवीला भिडवते आणि रेघ रेघेला मिळते का बघते. दोन वर्षांमागं छातीत दुखतं म्हणून अण्णांचा ईसीजी काढला होता. त्या पट्टीचीही तिनं नळी केली आणि जॉइंट बरोबर हाय म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी पुढं तेच सांगितलं, जरा वेगळ्या शब्दांत. मग तर कुणी काही बोलायचा प्रश्नच उरला नाही.

ताबीशनं प्रिंट काढून नेली. अव्वानं नळी केली, डोळ्याजवळ धरली.

"तम्मा, हितं उडी हाय."

"कुठं, अव्वा?"

"हितं की, कडेला. वरनं एकदम खाली पडतीया."

ताबीशनं समजावलं. ही काही किनार नाही, ही सालं आहेत. डाव्या टोकाला पंधरा, उजव्या टोकाला पंचवीस. ती दोन शेजारी कधी येतच नाहीत. अव्वानं हातातली नळी त्याच्या डोळ्यांसमोर आणली, जिथं पंधरा आणि पंचवीस एकमेकांना खेटून बसली होती.

"आलेत की," ती म्हणाली, आणि इसूफचाचांना बोलवायला सांगितलं.

इसूफचाचा कारखान्याचे डिझाईन मास्टर. चाळीस वर्षं ग्राफ पेपरावर नक्षी काढली, आणि ती नक्षी मागाला कळावी म्हणून पुठ्ठ्याच्या कार्डांना आपल्या हातानं भोकं पाडली. सतरा साली अण्णांना हौस आली आणि त्यांनी एकदम तीन वस्तू घेतल्या: एसी, ती खुर्ची आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड. तेव्हापासून नक्षी पेन ड्राईव्हमधून मागात जाते. चाचांचं भोकं पाडायचं मशिन ताडपत्रीखाली गेलं. चाचा मात्र रोज नऊला येतात, ताडपत्रीशेजारी स्टुलावर बसतात, दोन चहा पितात आणि पाचला घरी जातात. उद्यापासून येऊ नका, हे त्यांना सांगायची छाती अण्णांची पण झालेली नाही.

त्या दिवशी नऊ वर्षांनी त्यांना कुणी कामासाठी हाक मारली होती. चाचा आले ते खिशात टोक काढलेली पेन्सिल घेऊनच.

त्यांनी रेघ बघितली आणि सगळ्यात आधी एक प्रश्न केला. "बेटा, पंचवीसच्या पुढं काय येतं?"

"सव्वीस."

"ते बसणार कुठं? कागद तर संपला."

ताबीशनं प्रिंटची उजवी कड चाचपून बघितली.

"नक्षी संपली की पुन्हा पहिल्यापासून चालू होते," चाचा म्हणाले. "म्हणजे सव्वीस येणार पंधराच्या जागेवर. चौतीसवरून बारावर उडी मारायला लावशील, तर धागा टिकंल का?"

चाचांनी ग्राफ पेपर पसरला आणि अर्ध्या तासात रेघ दुरुस्त केली. बारावरून निघाली, पायरीपायरीनं चढली, बरोबर मधोमध शिखरावर गेली आणि तशाच पायऱ्या मोजत पुन्हा बारावर उतरली. मधोमध होतं वीस साल. ताबीशनं कळवळून सांगितलं की वीस साली कारखाना बंद होता, कुत्रं फिरकत नव्हतं इकडं, तिथं खड्डा आहे. चाचांनी शांतपणे शिसाचा चुरा फुंकला.

"म्हणून तर शिखर तिथं आणलं. खड्डा भरायला नको?"

ताबीशला वाटलं, अण्णा आले की हा तमाशा थांबेल. अण्णा आले. सकाळपासून तो खड्डा त्यांना दातात अडकलेल्या सुपारीसारखा खुपत होता. आता बघतात तर खड्डा गेला आणि त्याच जागी डोंगर. ते खूष झाले. वीस साली जे बुडालं ते सगळं निघालं म्हणायचं, असं त्यांनी बोलून दाखवलं. ताबीशनं उजवीकडचा उतार दाखवला. अण्णा, विक्री खाली येताना दिसतीय, म्हणाला.

"खाली कुटं येतीया बे? घरला येतीया." आणि अण्णांनी सहज, अगदी सहज, खुर्चीवरच्या डब्याकडं बघितलं. ताबीशनंही बघितलं. डब्याच्या झाकणावर एसीचं पाणी साठलं होतं.

ताबीश गठ्ठ्यावर जाऊन बसला. आकड्यांवरून रेघ काढायची, एवढं त्याला येत होतं. रेघेवरून आकडे काढायला तो त्या दुपारी शिकला. चाचांच्या प्रत्येक पायरीला किती नग लागतील ते त्यानं मोजलं आणि ते त्या त्या सालात भरले. वीस साली, माग बंद असताना, 'कस्तुरा'नं बेचाळीस हजार चादरी विकल्या. मथळा बदलून 'दहा वर्षांचा प्रवास' असा केला. प्रवासात माणूस परतही येतो. अव्वानं नळी केली, जॉइंट बघितला आणि ताबीशच्या गालावरून हात फिरवला.

जुनी स्लाईड मात्र त्यानं पुसली नाही. सगळ्यात शेवटी लपवून ठेवली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सेकंडचा माल तरी कुठं कुणी लगेच टाकून देतं.

गुरुवारी अकराला प्रियदर्शनीबाई आल्या. पडद्याच्या जागी पांढरी चादर टांगली होती. डबा खाली गेला आणि खुर्चीत बाई बसल्या. एकच दिवस, ताबीशनं मनाशी म्हटलं. त्याच्या पिशवीत गादी होती. हुसेनबीनं सकाळीच दिली होती, शुभ कामाला उशीर नको म्हणून. अव्वासाठी खास पाट आणला होता. चाचा दाराला टेकून उभे होते, धुतलेल्या सदऱ्यात.

रेघ पडद्यावर आली. बाईंनी बराच वेळ बघितलं. पुणेरी थाटात, जपून जपून त्यांनी विचारलं की सर्वांत जास्त विक्री दोन हजार वीसमध्ये झालेली दिसते, ती कशी काय.

ताबीशनं अण्णांकडं बघितलं. अण्णांच्या मात्र चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"लॉकडाऊन की, बाई. माणसं घरात झोपून हुती. झोपायचं म्हटल्यावर चादर लागतीच."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, आणि तेव्हापासून पाच वर्षं विक्री उतरत चालली आहे?

अण्णांना हा शब्द आवडला नाही. उतरली नाही, जुळली, असं सांगत त्यांनी प्रिंट उचलली, नळी केली आणि जॉइंट दाखवला. पंधरा साल आणि पंचवीस साल, सुतानं सूत. असा जॉइंट सोलापुरात दुसरं कोण देत असेल तर दाखवा, म्हणाले. दाराशी चाचांनी नजर खाली घातली, नव्या नवरदेवासारखी.

बाईंनी नळी हातात घेतली, एका टोकाला डोळा लावला आणि तिच्यातून अण्णांकडं बघितलं. मग वही मिटली. पुणंही मिटलं.

"अण्णा, मी करमाळ्याची हाय. माझा बाप जनावरांचा बाजार करायचा. तो दात बघून भाव करायचा. तुमी तर सालच दाखवलं."

"म्हंजे?"

"पंचवीसला मालाला उठाव पंधराएवढा, हे तुमीच जुळवून दाखवलं की. मग भाव पण पंधराचा."

एसी चालू असून अण्णांच्या कानामागून घाम निघाला. आठ हजार नगांवर पंधरा सालचा भाव म्हणजे काय, हे ताबीशला त्यांच्याआधी कळलं. सूत आजचं, वीज आजची, आणि भाव अकरा वर्षं जुना. त्याच्या बोटाखाली एक बटण होतं. दाबलं तर लपवलेली स्लाईड येत होती आणि अण्णा वाचत होते. अण्णा वाचले तर खुर्चीही वाचत होती, असं त्यानं धरलं. त्यानं दाबलं.

पडद्यावर खरी रेघ आली. खड्ड्यात पडलेली, उठलेली, वरच्या कोपऱ्यात चौतीस हजारांवर टोक लोंबत सोडलेली. अव्वाच्या तोंडून 'अय्यो' निघालं. चाचांनी मान फिरवली, बायकामाणसांत कुणी वंगाळ बोलल्यावर फिरवावी तशी.

"हे कुणाचं?" बाईंनी विचारलं.

अण्णांनी पडद्याकडं बघितलं. आईकडं बघितलं. दारातल्या धुतलेल्या सदऱ्याकडं बघितलं. आमचंच, असं म्हणायचं तर आधीचं खोटं ठरत होतं. तेही चाललं असतं, धंद्यात चालतं. पण तो लोंबता धागा स्वतःचा म्हणायचा, तोही अव्वासमोर, हे त्यांना जमलं नाही.

"ते दुसऱ्या पार्टीचं हाय," ते म्हणाले. "चुकून आलं."

"कुठली पार्टी?"

"हाय एक. ह्याच गल्लीत."

"नंबर द्या त्यांचा," बाई म्हणाल्या आणि वही पुन्हा उघडली. "पडली, उठली आणि म्होरं गेली. असल्या पार्टीला चालू भाव द्यायला माझी ना न्हाय."

पुढची तीन मिनिटं ताबीश जन्मात विसरणार नाही. संगप्पाअण्णांनी स्वतःच्याच कारखान्याला जीव तोडून नावं ठेवली. त्या पार्टीचं सूत कच्चं, रंग जातो, माल वेळेवर येत नाही. आणि जॉइंट, बाई, जॉइंट तर तुम्ही डोळ्यांनी बघितला. बाई डगमगेनात, तसे अण्णा पायरीपायरीनं खाली आले, चाचांनी काढलेल्या उतारावरून यावं तसे, आणि शेवटी बरोबर पंधरा सालच्या भावावर येऊन टेकले. आठ हजार नगांची ऑर्डर त्यांनी स्वतःच्या हातून हिसकावून स्वतःकडं आणली. किनार कुठली हवी विचारल्यावर बाईंनी कागदाच्या नळीकडं बोट केलं, तीच डोंगराची द्या, म्हणाल्या, जॉइंट चांगला आहे. आज पुण्यातल्या हॉटेलांत उतरणारी माणसं 'कस्तुरा'ची खोटी विक्री अंगावर ओढून झोपतात.

बाई गेल्या. अण्णा उठले आणि त्यांनी एसी बंद केला.

"भाव पंधराचा," ते म्हणाले, "मग कारखाना पण पंधराचा."

ऑर्डर पुरी होईपर्यंत जे पंधरा साली होतं तेच चालणार आणि जे नव्हतं ते बंद, असं ठरलं. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर ताडपत्री गेली, आणि त्या ताडपत्रीखालचं चाचांचं मशिन बाहेर आलं. पंधरा साली तिजोरीच्या किल्ल्या अव्वाच्या कमरेला असत. त्या कुणी द्यायच्या आधीच तिनं हात पुढं केला. बिरप्पा चहावाल्याला पंधरा सालचा दर सांगितला. त्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून अर्धा ग्लास भरायला लागला.

ताबीशनं धीर केला. "अण्णा, खुर्ची?"

"कवा घेतली?"

"सतरा साली."

"मग? पंधराला केबिनमध्ये एकच खुर्ची हुती." अण्णांनी त्याच्याकडं निरखून बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होते. "आणि तू कवा लागलास बे?"

"अठरा साली."

"तू तर अजून लागलाच न्हाईस की." अण्णा विचारात पडले. पण बिलं काढायला माणूस लागतो, आणि एवढे कच्चे ते नव्हते. "ये तू. पगार चालू ठिवतो. कुणी विचारलं तर पाहुणा हाय म्हण."

खुर्ची बाहेर गेली ती चाचांच्या मशिनसमोर. केबिनमध्ये नव्हती, मागांच्या खात्यात असेल की, असा अण्णांनी निवाडा दिला. हजारो कार्डांना हातानं भोकं पाडायची, चाचांचे गुडघे गेलेले, स्टूल पुरणार नव्हतं. पहिल्या दिवशी चाचा रेक्झिनवर घामानं चिकटले आणि उठताना कण्हले. ताबीशनं ते ऐकलं. पिशवीतली गादी काढली आणि स्वतः वाकून चारही बंद बांधले. चाचांनी चाचपून बघितलं. चारी बंद सारख्या लांबीचे आलेत, म्हणाले, आईचा हात चांगला आहे तुझ्या.

ऑर्डर दिवाळीला संपली. आता ह्याची किंमत कुणी काय मोजली ते.

प्रियदर्शनीबाईंनी काहीच नाही. येण्याजाण्याचं भाडंसुद्धा कंपनीचं. अव्वानं काही नाही, वर किल्ल्या मिळवल्या, आणि दिवाळीनंतर त्या परत दिल्या नाहीत. चाचांनी घाम दिला, पण तो द्यायला ते नऊ वर्षं आसुसले होते, तेव्हा तो खर्चात धरता येत नाही. बिरप्पानं अर्धा चहा वाचवला. तो पिणाऱ्यांनी भरला. अण्णांनी आठ हजार चादरींचा नफा दिला आणि तो त्या दुसऱ्या पार्टीच्या नावावर टाकला. अजूनही गल्लीत कुणाची भरभराट दिसली की ते संशयानं बघतात.

ताबीशनं गारवा, हुद्दा आणि कार्ड दिलं. पण हातानं भोकं पाडलेल्या कार्डांनी सेकंड फार निघाला, आणि सेकंडला पंधरा सालच्या दरानं विकायला अण्णा तयार होईनात. गठ्ठा शनिवारी उतरायचा थांबला. दिवाळीत ताबीश पंख्याला हात लागेल इतक्या उंचीवर बसून बिलं काढत होता. पाहुणा असल्यामुळं त्याला चहा वरच पोचवावा लागे. काढला असता तर आलेख सरळ वर, मधे कुठंही खड्डा नाही.

म्हणजे ज्यानं त्यानं आपापलं वळतं करून घेतलं. गादी तेवढी गेली. ती हुसेनबीची होती, तिला ह्यातलं काही विचारलं नव्हतं, आणि खुर्ची चांगली मऊ लागते का, हे ती अजून अधूनमधून पोराला विचारते. मऊ आहे, असं ताबीश सांगतो.